डबी गार होईपर्यंत

मला गिटार वाजवता येत नाही. गिटारीचा आवाजही मला फारसा आवडत नाही, आणि ज्या आवाजासाठी लोक आमच्याकडे येतात तो तर मुळीच नाही. तापलेल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडावं आणि त्यातूनच गावं, तसा तो आवाज. पण गेली काही वर्षं माझं पोट त्यावरच चाललंय. कामाबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, हे वाचणार कोण? उत्तर आलं, आधी लिहा तर. म्हणून लिहितेय. मी चौथी शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ, मी ज्याच्याकडे काम करते त्या मिलिंदच्या बायकोने, अर्चनाने, तपासलंय. बाकी चुका माझ्या.

नाशिकला इंदिरानगरात मिलिंदच्या घरी पुढच्या खोलीत आम्ही डब्या बनवतो. गिटारवाल्याच्या पायाशी एक लोखंडी डबी असते. गिटारीची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे निघते. पायाने बटण दाबलं की साधा आवाज जाडाभरडा, फाटल्यासारखा होतो. याला फझ म्हणतात. मी तरुण होते त्या काळात परदेशात अशा डब्या निघाल्या. आता त्या मिळत नाहीत, मिळाल्या तर चालत नाहीत. म्हणून लोक हुबेहूब तशीच बनवून मागतात. पत्रा नवा, रंग नवा, पोटातला माल मात्र जुना.

जुना म्हणजे सगळाच नाही, हे गिऱ्हाइकाला पटवताना जीव जातो. एकाला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, जुनाच पाहिजे होता. मी सांगितलं, तो आतून सुकलेला असतो, वाळक्या लिंबासारखा. नवाच घालायचा. तो म्हणाला, पण फोटोत निळा दिसतोय. मी म्हटलं, मग निळा कागद गुंडाळून देते. रागावला, पण डबी घेऊन गेला. दुसऱ्याने जुन्या डबीच्या पोटाचा फोटो पाठवला आणि सोल्डरचे थेंबसुद्धा तसेच, त्याच आकाराचे पाहिजेत म्हणून हट्ट धरला. "मिलिंद, त्याला सांग, थेंब वाजत नाही," मी म्हटलं. मिलिंदने तेच जरा गोड करून कळवलं. गोड करणं त्याच्याकडे.

खरा जुना लागतो तो ट्रान्झिस्टर. एका डबीत दोन. डाळीएवढी पत्र्याची टोपी आणि खाली तीन पाय. आत जर्मेनियम नावाचा धातू असतो. तसले रेडिओ बनायचे बंद झाले तसे हेही बंद झाले. आता बाजारात सापडतात ते जुन्या रेडिओवाल्यांच्या पेट्यांमधून, आणि त्यातही लबाडी. वरचं नाव खरवडून दुसरं छापतात. एकदा इगतपुरीला एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या बायकोने ट्रंकभर माल काढून दिला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. ट्रंक उघडली तर सगळ्यांचे पाय गंजून काळे. बाई म्हणाली, "न्या हो ताई, त्यांनी जपून ठेवलंय." मी नेले. मूठभर जिवंत निघाले.

यातले कोणतेही दोन एकसारखे नसतात. प्रत्येकाच्या दोन गोष्टी पाहायच्या. एक जोर, म्हणजे बारीक आवाज तो किती मोठा करतो. दुसरी गळती. नळ बंद केला तरी थेंब थेंब गळतो ना, तशी वीज यातून गळते. थोडी गळती असली की आवाजात गोडी येते. जास्त झाली की आवाज घुसमटतो. पहिल्या जागी कमी जोराचा बसवायचा, दुसऱ्या जागी जास्त जोराचा, आणि दोघांची गळती एकमेकांना सोसली पाहिजे. ही जोडी जमवणं माझं काम. जोडणी मिलिंदची. तो शिकलेला आहे, हात हलका आहे, गिटारही वाजवतो. तो वाजवून सांगतो, मी बदलून देते.

हे काम मी सातपूरला रेडिओच्या कारखान्यात शिकले. छाननीच्या टेबलावर आम्ही बायका ओळीने बसायचो. मिलिंदची आई माझ्या शेजारी. पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच, की बोट लावायचं नाही, चिमटा वापरायचा. बोटाच्या उबेनेसुद्धा मीटरचा काटा वर सरकतो आणि चांगला माल वाईट दिसतो. खोली गार ठेवलेली असायची. बाहेर मे पेटलेला असला तरी आत आम्ही स्वेटर घालून. कारखाना बंद पडला, मग मी पंचवटीत भाजी विकली. मिलिंदने हा उद्योग काढला तेव्हा त्याची आई म्हणाली, ताराला बोलाव, तिचे डोळे अजून चांगले आहेत. डोळे आता तेवढे चांगले नाहीत. पण चिमटा सुटला नाही.

आता बबनरावांची गोष्ट. तिच्यामुळे आमची काम करायची रीत बदलली.

फेब्रुवारीत एक उंच, वाकलेला म्हातारा आला. हातात टॉवेलात बांधलेलं काहीतरी. टेबलावर ठेवून म्हणाला, "मेली."

"कोण?" मी विचारलं.

"डबी. ताराबाई कोण?"

"मीच."

"तुम्ही? मला वाटलं, कोणी इंजिनियर असंल."

"इंजिनियर आत चहा पितोय. दाखवा इकडे."

हे बबनराव म्हणजे नाशिकरोडच्या एका भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे. पार्टी त्यांच्या मोठ्या भावाने काढलेली. भाऊ गेला, आता पुतण्या राहुल चालवतो. भावाने बांधलेलं एक गाणं आहे, ते गिटारीच्या एका ओळीने सुरू होतं, आणि ती ओळ याच डबीतून निघायची. आमच्या वस्तीत ती ओळ वाजली की बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. मीही आलेली आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"राहुल म्हणतो, जयंतीला तो आवाज निघाला तर गिटारची खुर्ची तुमची," बबनराव म्हणाले. "नाय तर कीबोर्डवाला बटण दाबून तसाच काढतो."

"तसाच निघतो?"

"निघतो. पण मग माझं काय काम?"

मी डबी उघडली. रंग झिजून पत्रा उघडा पडलेला. एक ट्रान्झिस्टर साफ गेलेला, दुसरा जाण्याच्या वाटेवर. त्याच नंबरचे माझ्याकडे नव्हते. मिलिंद म्हणाला, जुनी तशीच ठेवू, नवी बनवू. बबनरावांनी एकच अट घातली. रंग काळा पाहिजे, भावाने आणली तेव्हा होता तसा.

पहिली जोडी लावली, कमी गळतीची. बबनरावांनी दोन सूर वाजवले आणि थांबले.

"हा काय आवाज आहे? उकडलेला बटाटा."

दुसरी लावली. पुन्हा नाही. तिसऱ्या जोडीला त्यांनी डोळे मिटले आणि ती ओळ पूर्ण वाजवली. मग परत. मग परत. शेवटी वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन विचारून गेल्या, अजून किती वेळ.

"हाच," बबनराव म्हणाले. मी जोडीचे आकडे मीटरवर पुन्हा पाहिले. सगळं बरोबर होतं. मिलिंदने पक्कं जोडलं, अर्चनाने काळा रंग मारला.

जयंतीचा कार्यक्रम आदल्या दिवशी मैदानात होता. मिलिंद म्हणाला, चला मावशी, ऐकायला जाऊ. माझ्या पिशवीत मीटर आणि ट्रान्झिस्टरचा बिस्किटाचा डबा होताच. तो मी घरी ठेवत नाही. घरात लहान पोरं आहेत आणि सुनेला आवरायची फार हौस आहे.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती, पण ताप तसाच. स्टेजचं तोंड पश्चिमेला. पोरं वायरी ओढत होती, राहुल घामाने भिजून माइकवर "चेक, चेक" करत होता. बबनराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. काळी डबी त्यांच्या पायाशी, समोरून येणाऱ्या उन्हात.

"काका, तुमची ओळ घ्या," राहुल म्हणाला.

बबनरावांनी पाय दाबला. खर्र झालं. मग फटफट, मग काहीच नाही. पुन्हा दाबला. एक सूर निघाला आणि मधेच तुटला, कुणी गळा दाबल्यासारखा. मैदानातल्या खुर्च्या मांडणारे हसले.

"काका, हे काय?"

"आला होता आवाज. त्यांना विचार."

"मग आता कुठं गेला? रजेवर?"

मिलिंद स्टेजवर चढला आणि डबीला हात लावून झटकन मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मला कळलं, आणि त्यालाही. बोटाच्या उबेने काटा सरकतो हे मी अख्खं आयुष्य लोकांना सांगत आले. ऊन तर बोटापेक्षा मोठं. पण कारखान्याची खोली गार आणि मिलिंदचं घर फेब्रुवारीतलं. गारव्यात मोजायचं आणि गारव्यात वाजवायचं, एवढंच आम्हाला माहीत. डबी उन्हात वाजते हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तापल्यावर गळती वाढली होती आणि आवाज घुसमटला होता.

"राहुल, अर्धा तास दे," मिलिंद म्हणाला.

"दादा, मला पाच गाणी बसवायचीत. पाहुणे येतील. हे झालं की काकांचं एकदा बघतो, शेवटचं. नाही निघाला तर कीबोर्ड."

आम्ही बबनरावांना घेऊन स्टेजमागे सावलीत आलो. मिलिंदच्या पिशवीत सोल्डरिंगचं सामान कायम असतं, ते त्याने काढलं.

"मावशी, तो बटाटा आहे ना डब्यात? पहिली जोडी?"

"आहे."

"त्याची गळती कमी. या उन्हात ती वाढून बरोबर जागेवर येईल. दहा मिनिटांत बदलतो. राहुलसमोर पास."

"आणि गाणं कधी आहे?"

"भाषणं झाल्यावर. आठच्या आसपास."

"तेव्हा ऊन असेल?"

मिलिंदने सूर्याकडे पाहिलं. एप्रिलमध्ये आमच्याकडे दिवस भाजतो, पण सूर्य गेला की हवा उतरते. आत्ता बटाटा बसवला तर परीक्षेत पास होणार आणि गाण्याला पुन्हा बटाटा. आत्ताची जोडी ठेवली तर गाण्याला कदाचित बरोबर, पण परीक्षेत नापास, आणि नापास झाल्यावर गाणं येणारच नाही. नंतर परत बदलावी म्हटलं तर हा माल सोल्डरिंगचा ताप पुन्हा पुन्हा सोसत नाही. एकदा मेला की मेला. आणि दुसरी अशी जोडी माझ्याकडे नव्हती.

"आधी पास तर होऊ दे," मिलिंद म्हणाला. "पुढचं पुढे."

तोही चुकीचं बोलत नव्हता. मला पटकन ठरवता येईना. मला तसं आवडत नाही. मी दोन्ही बाजू बबनरावांना सरळ सांगितल्या.

"तुम्ही काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

"मी काही म्हणत नाही. मला गळती कळते, पुतण्या कळत नाही. खुर्ची तुमची आहे."

ते खाली बसले. स्टेजवर ढोलकी सुरू झाली होती. मग मला एक आठवलं. त्यांची जुनी डबीसुद्धा याच जातीच्या मालाची होती. तीही तापली असणार.

"पूर्वी उन्हाळ्यात काय करायचा?" मी विचारलं.

"कशाचं?"

"डबीचं हो. जुन्या डबीला ऊन लागत नव्हतं का?"

"ती तर ओल्या फडक्यात ठेवायचो. भाऊ म्हणायचा, हिला तहान लागते. सगळी थट्टा करायची. राहुल लहान होता, तांब्या घेऊन हिला पाणी पाजायला यायचा."

मिलिंदने कपाळाला हात लावला. मी ओरडलेच.

"मग फेब्रुवारीत सांगितलं का नाही?"

"फेब्रुवारीत कोण ओलं फडकं गुंडाळतं, ताराबाई?"

"आणि आज?"

त्यांनी शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. "आज पोरं हसली असती."

"आत्ता हसली नाहीत का?"

त्यांनी पिशवीतला टॉवेल काढून पुढे केला. मिलिंदने टॉवेल भिजवून घट्ट पिळला. पण लोखंड तापलेलं, हवा तापलेली, डबी निवायला वेळ लागणार होता, आणि वरून राहुलची हाक आली, "काका, या!"

मिलिंदने सोल्डरिंगची कांडी हातात धरली. "बोला, बदलू का?"

बबनराव उठले. "उघडू नका," म्हणाले, आणि डबी तिथेच ठेवून एकटेच स्टेजवर गेले. मी जिन्याच्या खालून ऐकत होते.

"राहुल, आत्ता आवाज येणार नाय. गाण्याच्या टायमाला येईल."

"कशावरून?"

"डबी तापलीय."

"काका, लोकांसमोर नाही निघाला तर? बाबांचं गाणं आहे ते."

"तुझ्या बाबांचं हाय, म्हणूनच. नाय निघाला तर मी खुर्चीवरून उठतो. परत विचारायला येणार नाय."

 मग राहुल म्हणाला, "कीबोर्डवाला तयार बसेल. पहिला सूर तुटला की मी हात करणार आणि तो उचलणार."

"कर," बबनराव म्हणाले.

मला त्यांचा राग आला. मालाच्या जिवावर पैज लावली होती आणि माल मी निवडलेला. मी डबी ओल्या फडक्यात गुंडाळली, वायरीची भोकं बाहेर राहतील अशी, आणि स्टेजखाली मातीवर पोतं टाकून त्यावर ठेवली. मांडीवर घेतली नाही. अंगाची ऊब नको. शेजारी बसून राहिले. एकाने येऊन विचारलं, "आजी, यात काय प्रसाद आहे का?" मी म्हटलं, हात लावलास तर मिळेल.

सूर्य गेला, तरी वारा सुटेना. माती गरमच होती. मोजायला काही साधन नाही. मीटर होता, पण माल आत बंद. फडक्याला हात लावायचीही सोय नाही. माझ्या हाताला गार लागलं म्हणजे आत गार असेल असं थोडंच आहे? मिलिंद दर थोड्या वेळाने खाली वाकून बघायचा आणि काही न विचारता जायचा. पाहुणे आले, हार झाले, भाषणं सुरू झाली. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, यांनी अजून बोलावं. दुसऱ्या पाहुण्यांनी तर निराशाच केली. दोन शब्द म्हणाले आणि खरंच दोनच बोलून बसले.

फडकं कोरडं पडायला लागलं होतं. उठून पाणी आणावं तर डबी सोडवेना. मिलिंद कुठे दिसेना. तेवढ्यात कुणीतरी स्टेजखाली वाकून आत आलं. राहुल होता. कार्यक्रमाचा चमकीचा कोट अंगावर, हातात पाण्याची बाटली. मला वाटलं, पैज मोडायला आला.

"मावशी, फडकं सुकलं," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

त्याने बाटली उघडली. हाताच्या ओंजळीत पाणी घेतलं आणि थोडं थोडं फडक्यावर सोडलं, भोकं चुकवून. ते त्याला कुणी शिकवायला लागलं नाही. मग बाटली माझ्यापाशी ठेवून वर गेला. जाताना एवढंच म्हणाला, "तरी हात तयार ठेवणार आहे मी."

"ठेव," मी म्हटलं.

गाण्याचं नाव पुकारलं तेव्हा मिलिंदने फडकं सोडलं, डबी पुसली आणि वर नेऊन वायरी लावल्या. मी स्टेजच्या कडेला उभी राहिले. तिथून तिघेही दिसत होते. बबनराव खुर्चीत, कीबोर्डवाला बोटं टेकवून, आणि मधे राहुल, उजवा हात वर. समोर सगळी वस्ती.

बबनरावांनी पाय दाबला.

पहिला सूर घोगरा निघाला. राहुलचा हात हलला. मी डोळे मिटले नाहीत, तसल्या वेळी मिटून काय उपयोग? दुसरा सूर निघाला, जाड, भरलेला, आणि तुटला नाही. तिसरा त्याला चिकटून आला. मग ती ओळ पूर्ण गेली, मैदानाच्या टोकापर्यंत, आणि मागच्या गल्लीतल्या बायका दारात आलेल्या मला स्टेजवरून दिसल्या. राहुलचा हात अजून वर होता. काय करायचं ते त्याला सुचत नसावं. मग त्याने तो खाली आणला आणि माइक धरला.

आवाज मला तेव्हाही आवडला नाही. गोडीपेक्षा फाटकेपणाच जास्त. पण तो बटाटा नव्हता.

कार्यक्रम आवरताना बबनराव माझ्यापाशी आले. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "जुन्या डबीपेक्षा उगी थोडा कमी वाटतो, नाय का?"

"जुनी आणा मग," मी म्हटलं.

ते हसले. ते माणूस तसंच आहे. अजूनही फोन करतात ते तक्रारीसाठीच.

आता मी प्रत्येक जोडी दोनदा मोजते. एकदा सकाळी खोलीत, आणि एकदा दुपारी मिलिंदच्या गच्चीवर, अर्चनाच्या पापडांशेजारी पत्र्यावर तापवून. गिऱ्हाईक गिटार कशी वाजवतं हे विचारत नाही. कुठे वाजवतं आणि कोणत्या महिन्यात, ते विचारते. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. ज्यांना वाटतो त्यांना मिलिंद गोड करून सांगतो. माझ्या डब्यातला माल संपत आलाय. तो संपला की हे कामही संपलं, नवीन कुणी बनवणार नाही. याचं वाईट वाटतं, पण त्याला इलाज नाही.

त्या रात्री निघताना राहुल डबी आवरत होता. चमकीचा कोट काढून खांद्यावर टाकलेला. वायरी गुंडाळल्या, डबी पुसली, आणि ते ओलं फडकं टाकून द्यायच्या ऐवजी घडी करून डबीसोबत पिशवीत ठेवलं.

"मावशी, हे दर वेळी लागणार का?"

"पावसाळ्यात नाही."

"आणि पुढच्या महिन्यात? मालेगावला कार्यक्रम आहे."

"मालेगाव? मग दोन लागतील," मी म्हटलं. "आणि काकांची खुर्ची सावलीत मांड."